तीन दातांची फणी

समाजमंदिराच्या उत्तरेकडच्या भिंतीला एक गंजका खिळा होता. सप्ताहात तसबिरीच्या कामाचा, गणपतीत तोरणाच्या कामाचा, एरवी नुसता कोळिष्टकांचा धनी. त्या एप्रिलात तीन दिवस त्याच्यावर संघप्रियाचा तक्ता लागला, आणि तक्त्यापाठोपाठ तिचा जीवही टांगणीला लागला.

तक्ता म्हणजे पांढऱ्या पत्र्यावर काळी इंग्रजी ई. वरच्या ओळीत तळहाताएवढी, खाली उतरेल तशी बारीक, तळाच्या ओळीत तिळाएवढी. एका ओळीत पाच. कुणी उजवीकडे पाय केलेली, कुणी डावीकडे, कुणी आभाळाकडे, कुणी जमिनीत रोवलेली. ज्यांना वाचता येत नाही त्यांची नजर मोजायची ही रीत. ईचे पाय कुठल्या बाजूला आहेत तेवढं सांगायचं. जिथवर बरोबर सांगितलं तिथवर नजर शाबूत.

पहिल्या दिवशी संघप्रिया हे समजावून सांगायला लागली, तशी पुढच्या बाकावरची बयाबाई पदर खोचत म्हणाली, "ए पोरी, आमाला आता या वयात एबीसीडी शिकवतंस काय? ही फनी हाय फनी. तीन दातांची."

सगळा बाक हसला. संघप्रियाही हसली. "बरं आजी, फणी. दात कुठल्या बाजूला ते सांगायचं. डावीकडे की उजवीकडे..."

पण डावं-उजवं काही जमेना. कुणी तिचं डावं धरी, कुणी आपलं. शेवटी तिनंच तोड काढली. तक्त्याकडे तोंड करून बसलं की बायांच्या डाव्या हाताला खाडी येई आणि उजव्या हाताला पारसिकचा डोंगर. वर आभाळ, खाली भुई.

"खाडी, डोंगर, आभाळ, भुई. एवढंच सांगायचं. जमेल?"

"न जमायला काय झायलं?" बयाबाई म्हणाली. "जल्म त्यातच गेला आमचा."

संघप्रियाला तेव्हा आपल्या हुशारीचं कोण कौतुक वाटलं होतं!

ती दिघ्याची. बी. ऑप्टोम. झाल्यावर चार वर्षं तिनं ऐरोलीतल्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढले, आणि सत्ताविसाव्या वर्षी पुन्हा दप्तर खांद्याला लावून एम. ऑप्टोम.ला नाव घातलं. नातेवाईक विचारत, "मग आता डोळ्याची डॉक्टर होणार का गं?"

"नाही मामी, ऑप्टोमेट्रिस्ट."

"म्हणजे चष्मेवालीच ना? मग त्यात आणखी शिकायचं राहिलं काय?"

काय राहिलं होतं ते तिच्या घरातच चुलीपाशी बसलेलं होतं. आई सुंदराबाई जालन्याकडची, लग्न होऊन दिघ्याच्या चाळीत आली आणि बारा वर्षं औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला गेली. बेचाळिसाव्या वर्षी तिच्या हातून खोक्यांवरच्या तारखा चुकायला लागल्या. सुपरवायझर आधी ओरडला, मग सगळ्यांदेखत कामचुकार म्हणाला, मग एके दिवशी म्हणाला, उद्यापासून येऊ नका. त्यानंतर महिनाभर सुंदराबाई भिंतीकडे तोंड करून निजत असे. पुढं संघप्रिया कॉलेजात गेली, पहिल्याच वर्षी तिनं प्रॅक्टिकलसाठी मिळालेलं एक भिंग आईच्या डोळ्यापुढं धरलं. आईच्या हातात काडेपेटी होती. आई काडेपेटीवरची बारीक अक्षरं एकेक करून वाचत गेली, आणि वाचून संपल्यावर म्हणाली, "एवढ्यानं? एवढ्या काचेपायी मला कामचुकार म्हनले?"

त्या 'एवढ्यानं'चाच हा प्रबंध होता. खाडीकाठच्या जुन्या गावांतल्या पन्नाशीपुढच्या बायांची नजर किती उतरली आहे, आणि ती उतरली आहे हे त्यांना स्वतःला तरी ठाऊक आहे का, एवढं शोधायचं. एकशेवीस बाया तपासायच्या. तक्त्यावर जी अडेल तिची पुढची तपासणी करायची, नंबर असेल तर चष्मा, मोतीबिंदू असेल तर दवाखाना. तीस एप्रिलला प्रबंध दाखल करायचा. त्या दिवशी दिला नाही तर परीक्षा पुढच्या सत्रात, म्हणजे सहा महिने लांबणीवर. दुकानाची रजा मेअखेरपर्यंतचीच होती, आणि सहा महिन्यांनी पुन्हा सुटता येईल याची खात्री देणारं कुणी नव्हतं.

पहिल्या चौतीस बाया तिनं आजूबाजूच्या गावांत घरोघरी जाऊन तपासल्या. त्यांतल्या पंधरा जणींना धड दिसत नव्हतं. मग बोनकोडे गावच्या या समाजमंदिरात तीन दिवसांचं शिबिर लावलं. दोन दिवसांत सत्तर बाया झाल्या, आणि त्यांत अडल्या फक्त सहा.

सहा! पहिल्या रात्री त्याहूनही लहान आकडा बघून तिला बरं वाटलं होतं. गाव नशीबवान, म्हणाली. दुसऱ्या दिवशी सहाचा आकडा भाकरीत आलेल्या खड्यासारखा दाताखाली कचकन लागला. चिखलात, उन्हात, मिठागरात जन्म काढलेल्या बाया. यांचीच नजर अशी कशी लखलखीत?

तिसऱ्या दिवशी सकाळी वर्गमित्र प्रितम दुसरा तक्ता देऊन गेला. तक्ते मुळात दोन असतात. फण्या त्याच, क्रम निराळा, म्हणजे एक डोळा झाला की तक्ता बदलायचा. दुसरा तक्ता महिनाभर प्रितमकडे द्रोणागिरीच्या ट्रकवाल्यांच्या शिबिरात अडकला होता, आणि संघप्रियाला त्याची गरजही वाटली नव्हती. तिनं आपल्या आराखड्यात स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: 'सहभागी स्त्रिया निरक्षर असल्याने तक्ता पाठ होण्याची शक्यता नगण्य आहे. एकच तक्ता पुरेसा ठरेल.'

आलाच आहे तर लावू, म्हणून तिनं नवा तक्ता खिळ्याला लावला आणि पहिल्या बाईला हाक मारली.

सखूबाई आली. सत्तरीची, पाठीत वाकलेली. डोळ्याच्या बाहुलीत तांदळाचा दाणा पडावा तसं काहीतरी पांढुरकं. संघप्रियानं तिचा एक डोळा झाकला, वरच्या ओळीवर काठी ठेवली.

"खाडी, आभाल, डोंगर, भुई, खाडी," सखूबाई घडाघडा म्हणाली.

ओळ होती भुई, डोंगर, डोंगर, खाडी, आभाळ.

"सखूआजी, नीट बघून सांगा हां."

"बगूनच सांगतंय गो."

काठी तळाच्या ओळीवर गेली. तिळाएवढ्या फण्या. सखूबाईनं श्वाससुद्धा घेतला नाही. पाचच्या पाच सांगितल्या, पाचच्या पाच चुकीच्या, आणि पाचही पहिल्या तक्त्यावर अगदी बरोबर.

 संघप्रियानं हळूच तक्ता खिळ्यावरून काढला आणि पाठीमागं धरला. भिंतीवर उरला नुसता खिळा.

"आता त्याच्या वरची ओळ?"

"डोंगर, डोंगर, भुई, आभाल, खाडी," सखूबाईनं उघडी भिंत वाचली, आणि तोंड भरून हसली. "झायलो ना पास?"

बाहेरच्या ओट्यावरून गुणगुण येत होती. दोन दिवस ती येतच होती; संघप्रियाला वाटे, बाया वेळ काढताहेत. आता ती दारात जाऊन उभी राहिली आणि कान देऊन ऐकू लागली. मधोमध बयाबाई मांडी घालून बसलेली, भोवती उरलेल्या बाया. बयाबाई एक ओळ देई, बाकीच्या ती उचलत.

"पयली फनी खाडीला गो, दुसरी आभालाला,
तिसरी फनी डोंगराला, चवथी भुईला,
पाचवी बाय फिरून आयली खाडीच्या काठाला..."

एका ओळीचं एक कडवं. वरपासून खालपर्यंत अख्खा तक्ता, चालीत बांधलेला.

"हे काय चाललंय, बयाआजी?"

"धवला," बयाबाई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर लबाडीचं नावसुद्धा नव्हतं, उलट थोडा तोराच होता. "तुझ्या फनीचा. बरा झायला ना?"

बयाबाई गावची धवलारीन. आगऱ्यांच्या लग्नात मांडव उभा राहिला की धवलारीन धवले सांगते. हळदीचा वेगळा, तेलाचा वेगळा, नवरी निघतानाचा वेगळा. तीन दिवस पुरतील एवढी गाणी तिच्या तोंडी, आणि कागदावर त्यांतलं एक नाही. ती एक ओळ देते, बाया उचलतात. उचलली नाही तर तो मांडवाचा अपमान.

"पण का हो? का शिकवलंत सगळ्यांना?"

"का म्हंजे? आमी बाकावर बसलेलो. पयली गेली ती पन्नाशीची होती, तिचे डोले धड. तिनं सांगितलं, खाडी आभाल डोंगर. दुसरी गेली, तिनंबी तेच. तिसरीनं तेच. म्हनलं, हा तं गानाच हाय. आमी शालेत गेलो नाय पोरी. ही आमची पयली परीक्षा. हातात गाना असून नापास कनाला व्हायचं? आनि मी एकटीनं पास होऊन बाकीच्यांना मागं सोडू?"

बाकावरच्या बाया माना डोलावत होत्या. कुणाच्या मनात पाप नव्हतं. संघप्रियाला रागावायचं होतं, पण राग कुणावर करायचा ते समजेना. 'शक्यता नगण्य आहे' हे शब्द तिच्या डोळ्यांपुढं उभे राहिले. तिच्या स्वतःच्या आईला दीडशे ओव्या पाठ होत्या, त्यांतली एकही कुठं वाचलेली नव्हती. अक्षर न येणाऱ्या बाईला काय पाठ होणार, हे तिनंच लिहिलं होतं, तिनं, सुंदराबाईच्या लेकीनं.

दुपारी ती कॉलेजात गेली. मार्गदर्शक राजेश्वरी मॅडमनी सगळं ऐकलं. उघड्या भिंतीचं ऐकताना त्यांना हसू आलं आणि ते त्यांनी लगेच आवरलं.

"सत्तर जणींची माहिती गेली, संघप्रिया. ती वापरता येणार नाही."

"हो मॅडम."

"सहा महिने वाढवून घे. मी पत्र देते. यात कमीपणा नाही."

बाहेर जिन्यात प्रितम भेटला. त्यानं डोक्यालाच हात लावला. "अगं येडी आहेस का? मर्यादांच्या प्रकरणात एक ओळ टाक आणि मोकळी हो. कोण येतंय बोनकोड्याला चेक करायला?"

"सखूबाईला मोतीबिंदू आहे, प्रितम. पहिल्या दोन दिवसांत बसली असती तर माझ्या कागदावर तिची नजर सहा-सहा, एकदम शाबूत, लागली असती."

"तो कागद ती थोडीच वाचणार आहे?"

त्या वाक्यानं तिचं ठरलं. ती उलटपावली मॅडमच्या खोलीत गेली. "मॅडम, आज अकरा तारीख आहे. सत्तर पुन्हा आणि सोळा राहिलेल्या. शहाऐंशी बाया. मला एकोणीस दिवस आहेत."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि पुन्हा गाणं झालं तर?"

"तक्ता नाही नेणार. सुट्या पत्त्यांवर एकेकच फणी. पाठीमागं फिरवायची आणि पुढं धरायची. मलाच माहीत नसेल तर त्या पाठ काय करतील?"

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "पद्धत बदलायची तर संशोधन समितीची परवानगी लागेल, तिचं मी आजच बघते. ती आली की तू सुरू कर."

परवानगी तेरा तारखेला आली. सुरू करणं सोपं नव्हतं. चौदा आणि पंधरा, दोन दिवस ती बोनकोड्याच्या गल्ल्यांतून फिरली. घरं कसली, चार-चार मजले चढलेली. खाली दुकान, वर भाडेकरू, आणि तळमजल्याच्या पायरीवर म्हातारी. प्रत्येक पायरीवर तेच उत्तर.

"आमी पास झायलो ना? पास झायल्यांची परत परीक्षा कुठं असते गो?"

"लगीनसराई हाय बाय. आता टाईम नाय."

"त्या सखूला तू नापास केलीस म्हनं. तिची सून आता तिला चुलीजवल जाऊ देत नाय. आमाला नको तसला."

दोन दिवसांत शून्य बाया. सोळा तारखेला ती बयाबाईच्या दारात जाऊन बसली. बयाबाईची सून सुचिता बँकेत कामाला. ती निघायच्या गडबडीत होती.

"आई, आल्यात बघा तुमच्या फणीवाल्या मॅडम," ती आत ओरडली, आणि हळू आवाजात संघप्रियाला म्हणाली, "त्या ऐकायच्या नाहीत हां. मी मागच्या वर्षी डॉक्टरकडे चला म्हटलं तर चार दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. टेन्शनच आहे."

बयाबाई पायरीवर सुकट निवडत होती. बोटांनी निवडत होती. नजर समोरच्या भिंतीवर होती. संघप्रियानं ते पाहिलं. शेजारी बसली. चिमूटभर सुकट आपल्यापुढं ओढून तीही निवडू लागली.

"मुकी झायलीस काय?" बऱ्याच वेळानं बयाबाई म्हणाली. "मनवायला आयलीस ना? मनव."

"मनवायला नाही आले. तुमच्याकडे एवढी गाणी. मी एक माझ्या आईचं आणलंय."

"तुझी आय गाते?"

"जात्यावर गायची. आता जातं नाही, तरी भांडी घासताना गाते." आणि संघप्रिया, जिनं शाळेनंतर चारचौघांत कधी तोंड उघडून गायलं नव्हतं, ती गायली. 

"सुपातल्या तांदळाला खडा लपला बारीक,
लेक माझी शिकली गं, तिला उजेडाची पारख."

बयाबाईचे हात थांबले. तिनं ओठ हलवले, आणि ओवी जशीच्या तशी, पण आपल्या चालीत, खोल आवाजात परत दिली. एकदाच ऐकून. मग म्हणाली, "पारख हाय काय खरंच?"

"नव्हती, बयाआजी. मी लिहून ठेवलं होतं, या बायांना काही पाठ होणार नाही. तुम्ही माझा अख्खा तक्ता दोन दिवसांत पाठ केला. चूक तुमची नाही, माझी आहे. म्हणून पुन्हा करायचंय. नाही केलं तर मी खोटं लिहून पास होणार, आणि सखूआजीसारख्या किती जणी गावात तशाच राहणार, कुणाला कळणारसुद्धा नाही."

बयाबाईनं हातातली सुकट खाली टाकली. मग सुकटीच्या ढिगाकडे बघत, म्हणजे ढीग असेल तिकडे बघत, म्हणाली, "मना नवरीचं तोंड दिसत नाय."

"कधीपासून?"

"दोन वरसं झायली. दिव्याभोवती धुकं दिसतंय. हलद लावताना हात कुठं टेकवायचा ते मी बांगड्यांच्या आवाजावरून बगतंय. गाते, म्हून कोनाला कलत नाय. सुनेला कललं तं ती म्हनेल, आई आता घरी बसा. मग मांडवात डीजे लावतील." तिनं खसकन पदर ओढला. "तू तरी सांग, धवलारीन आंधली झायली असं गावात कोनी म्हनावं?"

"आंधळ्या नाही झालात. पडदा आलाय. काढता येतो."

"खात्रीनं?"

संघप्रियाच्या ओठांवर 'हो' आलं होतं. तिनं ते गिळलं. "आधी तपासावं लागेल. न बघता खात्री दिली तर मी पुन्हा उघडी भिंतच वाचेन."

बयाबाई खळखळून हसली. "सखूनं वाचली ती! कमाल बाई, नुसता खिला वाचला!" हसता हसता तिनं डोळे पुसले आणि उठली. "संध्याकाली समाजमंदिरात ये. चार जनींना मी हाक मारतंय. पन माझी पयली."

संध्याकाळी चार नव्हत्या, तीसेक बाया होत्या. धवलारणीनं हाक मारली की यायचं, हे अंगवळणी. खिळा मोकळा होता. खुर्चीपासून तीन मीटरवर संघप्रिया पत्ते घेऊन उभी राहिली. अंतर मोजायला तिनं घरची कपडे वाळत घालायची दोरी गाठ मारून आणली होती. एक टोक खुर्चीला, एक तिच्या हातात.

पहिला पत्ता, मोठी फणी. "डोंगर," बयाबाई म्हणाली. बरोबर. दुसरा, थोडी लहान. बयाबाईनं मान पुढं केली, तिरकी केली. "आभाल." बरोबर. तिसरा.

बाया टक लावून बघत होत्या. मागं कुणीतरी सवयीनं हळूच सुरू केलं, "तिसरी फनी डोंगराला..."

"गप," बयाबाई न वळता म्हणाली.

गुणगुण तिथंच थांबली. बयाबाईनं खुर्चीच्या हातांवर बोटं घट्ट केली. तिला अंदाज सांगता आला असता. चारांतला एक तरी लागला असता. जन्मभर तिनं मांडवात ओळ दिली होती आणि कधी अडली नव्हती.

"दिसत नाय," ती म्हणाली.

आणि मग, जणू पुढच्या बाया उचलतील की नाही हे बघायला, मान वळवून मोठ्यानं पुन्हा म्हणाली, "मना दिसत नाय. कोनाला काय बोलायचंय?"

 दाराशी बँकेतून नुकतीच आलेली सुचिता उभी होती. ती पुढं आली, सासूच्या खांद्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाली, "हळदीला मीच घेऊन जाईन तुम्हाला. गाडीवर." बयाबाईनं तो हात झटकला नाही.

दुसरी खुर्चीत बसली ती मिठागरात काम केलेली पुतळाबाई. पहिल्याच पत्त्याला म्हणाली, "मना पन नाय दिसत गो." तिला तो पत्ता दिसत होता, हे संघप्रियाला तिच्या नजरेवरून कळलं. "पुतळाआजी, बयाआजीची ओळ उचलू नका हां. तुमची तुमची सांगा." पुन्हा हशा झाला, आणि त्या हशानं सगळ्यांचं अंग सैल झालं.

त्यानंतरचे दिवस संघप्रियाला नीट आठवत नाहीत, दोरी मात्र आठवते. ज्या आल्या नाहीत त्यांच्या घरी ती दोरी घेऊन गेली. जिन्यात मोजलं, गच्चीवर मोजलं, एका मांडवात हळदीच्या ताटांमधून वाट काढून मोजलं. एकटीला जमेना, तेव्हा सुंदराबाई दिघ्याहून आली. लेकीनं घरी सगळं सांगितलं होतं, ती रागावली नाही, फक्त म्हणाली होती, "दीडशे ओव्या येतात मला. तुला कामून वाटलं नाही मला इचारावं?" आता ती दोरीचं दुसरं टोक धरून म्हाताऱ्यांच्या खुर्चीशी उभी राही आणि ज्या बुजायच्या त्यांना आपला चष्मा काढून दाखवी. "एवढी काच, बाई. एवढ्या काचेपायी माझं काम गेलं. तुमी लाजू नका." बयाबाई रोज सकाळी यादी सांगे: आज ही राहिली, आज ती माहेरून आली. शहाऐंशीच्या शहाऐंशी नावं, क्रमानं, तोंडपाठ.

सव्वीस तारखेला शेवटची बाई झाली. सदतीस जणींना धड दिसत नव्हतं. रात्र-दिवस एक करून संघप्रियानं प्रकरण पुन्हा लिहिलं. जुनं वाक्य तिनं खोडलं नाही; आधी काय गृहीत धरलं होतं म्हणून तसंच ठेवलं, आणि त्याखाली नवं लिहिलं: 'सहभागी स्त्रिया मौखिक परंपरेतील होत्या. त्यामुळे तक्ता पाठ होण्याची शक्यता सर्वाधिक होती. हे संशोधकाच्या लक्षात आले नाही.'

राजेश्वरी मॅडमनी वाचलं. "परीक्षक पुरावा मागतील."

"तक्ता काढल्यावर वाचलेली ओळ आहे, मॅडम. परिशिष्टात जोडली आहे."

मॅडमनी सही केली.

तीस तारखेला दुपारी तीन प्रती छातीशी धरून ती कॉलेजचा जिना चढत होती, तेव्हा फोन वाजला. सुचिता होती. "दवाखान्यात आलोय आम्ही. ऑपरेशनच्या आधीची तपासणी. आईंना तुमच्याशीच बोलायचंय, अर्जंट."

"ए पोरी," पलीकडून बयाबाईचा दबका आवाज आला, "इथं पन फनीचा तक्ता हाय. कोनचा हाय हा, पयला की दुसरा?"

संघप्रिया जिन्यातच थांबली. "बयाआजी!"

"मस्करी केली गो!" खो खो हसण्याचा आवाज, मागं सुचिताचंही हसणं. "सांगितलं मी त्या डॉक्टरला. दोन फन्या दिसतात, पुढं दिसत नाय. तो म्हनला, बरं झायलं खरं सांगितलंत. पुढच्या सोमवारी करतो म्हनतोय." जरा थांबून तिनं विचारलं, "तुझा कागद दिला काय?"

"जिन्यात आहे. देतेच आहे."

"मग उभी काय राहिलीस? चढ."

संघप्रिया उरलेल्या पायऱ्या चढली. खिडकीपाशी कारकुनानं प्रती मोजल्या, तारखेचा शिक्का मारला आणि नोंदवही तिच्याकडे सरकवली. तिनं सही केली. वाकून पाहिलं, शिक्क्यावरची तारीख बारीक होती, पण स्वच्छ वाचता येत होती.